एटिमऑनलाइन: ‘गॉश’च्या पोटातला देव

इंग्रजी शब्दांची व्युत्पत्ती सांगणाऱ्या या मोफत साइटवर लोक भारदस्त शब्द शोधायला जातात. माझं ऐका, दचकल्यावर तोंडून निघणारे शब्द शोधा. मी सबटायटल्सचं काम करते. पात्र ‘गॉश’ म्हणालं की ‘अगंबाई’ लिहायचं की ‘अरे देवा’, हे ठरवायला त्या उद्गाराचं वय आणि वजन कळावं लागतं. इथे ते दोन ओळींत कळतं.

‘गॉश’ सापडतो १७५७ पासून, आणि तो बहुधा ‘गॉड’चाच वळवलेला उच्चार. ‘जी’ (gee) या उद्गारामागे जीझस. ‘ब्लायमी’ म्हणजे ‘गॉड ब्लाइंड मी’, देव माझे डोळे फोडो! ‘झाउंड्स’ तर थेट देवाच्या जखमा. देवाचं नाव उगाच घ्यायचं नाही ही बायबलची आज्ञा, पण दचकल्यावर तेच ओठांवर येणार. मग शेवटच्या क्षणी जीभ वळवायची. ही पळवाट नाटकवाल्यांनाही पुरली नाही. १६०६ साली इंग्लंडमध्ये कायदाच झाला: रंगमंचावर थट्टेनं देवाचं नाव घेतलं तर १० पौंड दंड. शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’च्या १६२२ च्या छापील प्रतीत ‘झाउंड्स’ आहे, १६२३ च्या फोलिओत, म्हणजे त्याच्या नाटकांच्या एकत्रित आवृत्तीत, तो गाळलेला. (हे साइटवर शोधू नका, ही माझी भर.)

‘वॉव’ मला कायम अमेरिकन जाहिरातीतला वाटायचा. निघाला स्कॉटिश, तोही सोळाव्या शतकातला!

डग्लस हार्पर यांनी उभारलेल्या या कोशाचं मला सगळ्यात आवडतं ते हे की ‘बहुधा’ आणि ‘कदाचित’ लिहायला त्यांना कमीपणा वाटत नाही. ‘गॅडझूक्स’ या जुन्या उद्गारामागे ख्रिस्ताच्या क्रुसाचे खिळे असावेत, असं सांगताना ते ‘असावेत’वरच थांबतात. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या शब्दकथांत हा संयम कुठला!

नोंदी मात्र आटोपशीर आहेत. शब्द पहिल्यांदा कुणी, कोणत्या वाक्यात वापरला हे मुळातून वाचायचं तर ऑक्सफर्डचा मोठा कोश लागतो, आणि त्याला वर्गणी पडते. ‘ओएमजी’ (ओह माय गॉड) मोबाइलवाल्या पोरांनी काढला असं समजणाऱ्यांनी हा कोश जरूर उघडावा: ब्रिटिश नौदलाचे ॲडमिरल फिशर यांनी चर्चिलना १९१७ साली लिहिलेल्या पत्रात तो आहे.

रोजच्या कामाला मला एटिमऑनलाइन पुरतं. फक्त डेडलाइन असेल त्या दिवशी उघडू नका. एका नोंदीतून दुसरीत शिरता शिरता तास कुठे जातो कळत नाही.