जांभ्याच्या कसोटीवर ब्लेंडरचा ‘प्रिन्सिपल्ड’ शेडर

कोकणातील घरांची संगणकीय चित्रे काढणाऱ्यांनी ब्लेंडर या मोफत प्रणालीतील ‘प्रिन्सिपल्ड बीएसडीएफ’ हा शेडर, म्हणजे पृष्ठभाग प्रकाशात कसा दिसेल हे ठरवणारी व्यवस्था, जांभ्याच्या चिऱ्यावर पारखून घ्यावा, कारण गुळगुळीत रंगवलेली भिंत कोणत्याही शेडरला जमते. डिस्नेने २०१२ साली मांडलेल्या नमुन्यावर आधारलेला हा शेडर २०१७ मध्ये ब्लेंडरच्या २.७९ आवृत्तीत आला आणि २०२३ च्या ४.० आवृत्तीत त्याची नव्याने रचना झाली.

कोरड्या चिऱ्याला तो उत्तम न्याय देतो. जांभ्यात लोह भरपूर असले तरी ते ऑक्साइडच्या रूपात असल्यामुळे ‘मेटॅलिक’ (धातूसारखेपणा) शून्यावरच ठेवावे आणि ‘रफनेस’ (खरखरीतपणा) बराच वर न्यावा. एवढ्यानेही दगडाचा मंद तांबूस पोत उमटतो. मात्र चिऱ्याची भोके केवळ ‘बंप’ने, म्हणजे उंचसखलपणाच्या नुसत्या आभासाने दाखवली, तर भिंतीच्या कोपऱ्यावरची कड सुरीने कापल्यासारखी सरळ राहते, कारण बंप प्रकाशाच्या हिशेबात धरलेली पृष्ठभागाची दिशा बदलतो, आकार नव्हे. तिथे पृष्ठभाग प्रत्यक्ष आतबाहेर सरकवणारे खरे ‘डिस्प्लेसमेंट’च लागते, त्यासाठी संगणकाची स्मृती खर्ची पडते, पण तो खर्च मला पूर्णपणे योग्य वाटतो.

खरी परीक्षा पावसाळ्यात आहे. भिजलेला जांभा गडद दिसतो, कारण छिद्रांत हवेऐवजी पाणी भरले की प्रकाश दगडात अधिक खोल शिरतो आणि अधिक शोषला जातो. वरच्या पाण्याच्या थरातूनही काही प्रकाश परावर्तित होऊन पुन्हा आत वळतो. या शेडरमध्ये ओलाव्यासाठी वेगळे नियंत्रण नाही. ‘कोट’चा, म्हणजे वरच्या पारदर्शक लेपाचा थर १.३३ या पाण्याच्या अपवर्तनांकाने चढवला तर चकाकी येते, परंतु मूळ रंग गडद करणे, रफनेस उतरवणे आणि पागोळ्यांखालचा ओला पट्टा मास्कने (परिणाम ठरावीक भागापुरता ठेवणाऱ्या नकाशाने) आखणे हे सारे आपल्यालाच करावे लागते. सावंतवाडीच्या लाकडी फळांवरची रोगणाची चमक दाखवायला मात्र हाच कोट फारशा खटपटीशिवाय पुरतो.

नवशिक्यालाही हा शेडर मी निःसंकोच सुचवीन. पोतासाठी चिऱ्याचे छायाचित्र स्वतः काढायचे असेल तर ते ढगाळ उजेडात काढावे, कारण उन्हात भोकांच्या सावल्या मूळ रंगातच उतरतात आणि चित्रातील दिवा कोणत्याही बाजूला नेला तरी त्या जागच्या हलत नाहीत.