फिल्टरमध्ये काय भरावं: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

माशांच्या टाकीसाठी कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेर ठेवायचा बंद डबा, ज्यातून पाणी फिरतं) आणला तेव्हा त्याच्यासोबत आलेला मीडिया, म्हणजे आत भरायचं गाळण्याचं साहित्य, मी आहे तसाच भरला. खालच्या ट्रेमध्ये पातळ स्पंज, मधल्या ट्रेमध्ये सिरॅमिक रिंगा, वर कापसासारखं पांढरं फ्लॉस आणि जाळीच्या पिशवीत कार्बन. आज नऊ महिन्यांनी खालचे दोन्ही ट्रे स्पंजने भरलेले आहेत. रिंगा उरल्या आहेत मूठभर, कार्बन कपाटात आहे, आणि पाणी पहिल्यापेक्षा जास्त स्थिर आहे. हे कसं झालं ते सविस्तर लिहिते, कारण मीडिया निवडताना मला नेमकं हेच कुणीतरी सांगायला हवं होतं.

टाकी १०० लिटरची. बारा निऑन टेट्रा, सहा कोरीडोरस, पर्ल गुरामीची एक जोडी. झाडांमध्ये अनुबियास आणि जावा फर्न.

मी पहिल्यांदा रिंगा का ठेवल्या? पाकिटावर पृष्ठफळाचा भला मोठा आकडा होता म्हणून. पाण्यातली घाण पचवणारे जिवाणू पृष्ठभागावर वाढतात, म्हणजे जितका पृष्ठभाग जास्त तितकं चांगलं, असा माझा सरळ हिशोब. पाचव्या महिन्यात सफाई करताना त्यातली एक रिंग पकडीने फोडून पाहिली. बाहेरचा नखाएवढा पातळ थर तपकिरी, आणि आत खडूसारखी पांढरीशुभ्र. आणखी तीन फोडल्या, त्याही तशाच. मग मात्र आकड्यांवरचा माझा विश्वास उडाला. तो आकडा कोरड्या, कोऱ्या रिंगेच्या सगळ्या सूक्ष्म छिद्रांचा असतो. टाकीत पडल्यावर छिद्रांच्या तोंडाशी जिवाणूंचा थर आणि गाळ बसतो, की आतली जागा असून नसल्यासारखी.

याचं कारण जिवाणूंच्या कामातच आहे. मासे मुख्यतः कल्ल्यांतून अमोनिया सोडतात. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. दुसरं काम नायट्रोबॅक्टर करतात असं बरीच वर्षं शिकवलं गेलं. पण गोड्या पाण्याच्या टाक्यांमध्ये ते प्रामुख्याने नायट्रोस्पायरा करतात असं १९९८च्या संशोधनात दिसलं, आणि २०१५ साली तर अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचा सगळा प्रवास एकट्याने करणारे नायट्रोस्पायराही सापडले. त्यातले काही मत्स्यपालनाच्या फिल्टरमधलेच होते. मला हे वाचताना फार आनंद झाला. आपल्या कपाटाखालच्या डब्यात काय चाललंय हे शास्त्रज्ञांनाही इतक्या अलीकडे कळलं! पण हे काम करणारे कोणतेही असोत, त्यांना ऑक्सिजन भरपूर लागतो. १ ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट व्हायला सुमारे ४.६ ग्रॅम ऑक्सिजन खर्च होतो. म्हणजे पृष्ठभाग नुसता असून उपयोग नाही, त्याच्यावरून ताजं पाणी वाहत राहिलं पाहिजे. हे एकदा पटलं की निवड सोपी होते: ज्या मीडियातून महिना-दीड महिना पाणी अडखळल्याशिवाय जाईल तो चांगला.

म्हणून स्पंज. त्यातही कोणता, यावर माझे तीन महिने गेले. स्पंजवर पीपीआय लिहिलेलं असतं, म्हणजे एका इंचात किती छिद्रं येतात ते. मी आधी ४५ पीपीआयचा घातला. पाणी काचेसारखं झालं, पण दहाव्या दिवशी आउटलेटची धार निम्म्यावर आली. ३० पीपीआय मात्र छान बसला. आता माझ्या फिल्टरमध्ये पाणी जिथून शिरतं त्या सगळ्यात खालच्या ट्रेमध्ये २० पीपीआय आहे, तो मोठा कचरा अडवतो, आणि त्याच्यावर ३०. साफसफाई साधारण सहा आठवड्यांनी. तुमच्या फिल्टरमध्ये पाणी खालून वर जातं की वरून खाली, ते आधी बघा. जाडसर मीडिया पाण्याच्या वाटेत पहिला आला पाहिजे, वर की खाली हा मुद्दा नाही. आणि स्पंज ट्रेच्या मापापेक्षा किंचित मोठा कापा, दोन-तीन मिलिमीटर पुरतात. कडेला फट राहिली की पाणी तिथून निसटतं आणि स्पंज बिचारा कोराच राहतो. माझा पहिला तुकडा असाच वाया गेला.

चौथ्या महिन्यातली चूकही सांगते. घाईत होते आणि सगळा मीडिया नळाखाली धरून स्वच्छ धुतला. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने जिवाणू मारले. तिसऱ्या दिवशी निऑन आउटलेटपाशी गोळा झालेले, कल्ले भराभरा हलतायत. टेस्ट किटची नळी पिवळी राहायची ती हिरवी झाली: अमोनिया ०.५ पीपीएम (दहा लाख भागांत अर्धा भाग). माझ्या पाण्याचा पीएच ७च्या आसपास असतो म्हणून निभावलं. त्या पीएचला, २५ अंशांवर, एकूण अमोनियापैकी अर्धा टक्काच विषारी रूपात असतो. पीएच ८ असता तर तोच भाग पाच टक्क्यांच्या घरात गेला असता. रोज तीस टक्के पाणी बदलत राहिले, दोन आठवड्यांनी नायट्राइटही शून्यावर आलं. एकही मासा गेला नाही, पण ते दिवस विसरता येत नाहीत. आता टाकीतून काढलेलं पाणी बादलीत घेऊन त्यातच स्पंज तीन-चार वेळा पिळते आणि थांबते. पाणी नितळ होईपर्यंत पिळायचं नाही. एका वेळी एकच ट्रे. नवा स्पंज घालायचा तर जुन्याशेजारी सहा आठवडे ठेवून मगच जुना काढायचा.

फ्लॉस पाण्याला झळाळी देतं, पण आठवडा-दहा दिवसांत गच्च होतं, आणि त्यासाठी दर वेळी कॅनिस्टर उघडणं मला जमत नाही. झाडं हलवली, रेती उकरली गेली, की दोन दिवसांपुरतं घालते.

कार्बनबद्दल माझं मत जरा कडक आहे. नव्या लाकडातून उतरणारा पिवळसर रंग तो खरंच काढतो. पण गुरामीला व्हाइट स्पॉट (अंगावर पांढरे ठिपके येणारा आजार) झाला तेव्हा फिल्टरमधला कार्बन काढायचा राहून गेला. औषध टाकल्यावर पाणी हिरवट झालं आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा पारदर्शक. औषध कार्बनने शोषून घेतलं होतं! उपचाराचे तीन दिवस फुकट गेले. आता उपचार संपला की उरलेलं औषध काढायलाच मी तो वापरते, आणि काही आठवड्यांत टाकून देते. झिओलाइट नावाचं खनिजही महिनाभर ठेवून पाहिलं. ते अमोनिया धरून ठेवतं, पण जिवाणूंचं अन्नही त्यामुळे कमी होतं, आणि टाकीत मीठ घातलंत तर धरलेला अमोनिया परत सुटतो. अडचणीच्या वेळेसाठी घरात असावं, रोजच्या फिल्टरमध्ये नको.

एक छोटी गोष्ट मात्र मनापासून सुचवेन, विशेषतः पाणी मृदू असेल तर. जिवाणूंचं हे काम पाण्यातली क्षारता, म्हणजे पीएच सावरून धरण्याची ताकद, खात असतं. सहाव्या महिन्यात माझी केएच (क्षारतेचं माप) ४ वरून १ वर आलेली दिसली. असंच चाललं तर पीएच एकदम कोसळू शकतो, आणि पीएच फार खाली गेला की जिवाणूही मंदावतात. वरच्या ट्रेमध्ये प्रवाळाच्या चुऱ्याची मूठभर पिशवी ठेवली, तेव्हापासून केएच ४-५च्या मध्ये आहे. मऊ, आम्लधर्मी पाण्यातलेच मासे पाळत असाल तर हे करू नका.

वीज जाण्याचंही लक्षात घ्या. एकदा नऊ तास फिल्टर बंद राहिला. उघडला तर कुजलेल्या अंड्यासारखा वास. निरोगी मीडियाला पावसाळी मातीसारखा वास येतो. बंद डब्यातला ऑक्सिजन संपला होता. आतलं पाणी ओतून टाकलं, स्पंज टाकीच्या पाण्यात पिळला आणि मगच फिल्टर सुरू केला. ते पाणी तसंच टाकीत गेलं असतं तर माशांचं काय झालं असतं, याचा विचारही नको वाटतो.

आणि त्या मूठभर रिंगा? त्या जाळीच्या पिशवीत, वरच्या ट्रेमध्ये आहेत. गेल्या महिन्यात एका कोरीडोरसला वेगळं ठेवावं लागलं, तेव्हा ती पिशवी उचलून छोट्या टाकीच्या फिल्टरमध्ये ठेवली. बाहेरच्या तपकिरी थरात जिवाणू होतेच. तिथला अमोनिया रोज तपासला, नळी एकदाही हिरवी झाली नाही. बाराव्या दिवशी कोरीडोरस परत आपल्या गटात गेला, आणि पिशवी परत ट्रेमध्ये.