शॅम्पूत झँथन टाकू, गवार टाकू की कायटोसान? आधी चार्ज बघा

घरी किंवा छोट्या युनिटमध्ये शॅम्पू, हँडवॉश, भांड्यांचं लिक्विड बनवणारे बरेच जण एकच विचारतात, घट्टपणाला नॅचरल काय टाकू? मग कुणी झँथन सांगतं, कुणी गवार गम, कुणी म्हणतं कायटोसान केसांना भारी असतं. पण तुमच्या बादलीत फेस करणारं काय आहे हे कुणी विचारतच नाही, आणि सगळा निकाल तर तिथेच लागतो.

थोडं मूळ सांगते, कारण ते कळलं की पुढची निवड सोपी जाते. फेस करणाऱ्या, मळ काढणाऱ्या घटकाला सर्फॅक्टंट म्हणतात. त्याच्या रेणूचं डोकं पाण्याकडे आणि शेपूट तेलाकडे ओढतं. पाण्यात त्याचं प्रमाण एका मर्यादेच्या वर गेलं की शेपट्या आत घालून हे रेणू छोटे गोळे करतात, त्यांना मायसेल म्हणतात. साध्या एसएलएसची (सोडियम लॉरिल सल्फेट) ही मर्यादा 25 अंशाला लिटरमागे साधारण 2.3 ग्रॅम. आता त्याच पाण्यात आधीपासून पॉलिमर, म्हणजे झँथन, गवार, कायटोसानसारखा लांब साखळीचा रेणू असेल आणि दोघांचं एकमेकांशी जमत असेल तर हे गोळे पॉलिमरच्या साखळीवरच मण्यांसारखे बसायला लागतात, आणि तेही त्या मर्यादेच्या बरंच आधी. दोघांचे चार्ज विरुद्ध असले तर कैक पटींनी आधी. चार्ज सारखा असला तर सहसा कोणी कोणाला धरत नाही, आणि पॉलिमरला चार्जच नसेल तर संबंध अगदी हलका राहतो.

म्हणून आधी आपल्याकडे काय आहे ते ओळखा. एसएलएस, एसएलईएस (सोडियम लॉरेथ सल्फेट) पेस्ट, ॲसिड स्लरी कॉस्टिकने न्यूट्रल करून केलेलं लिक्विड, हे सगळे निगेटिव्ह. कंडिशनरमधले बीटीएमएस, सीटीएसी पॉझिटिव्ह. डेसिल ग्लुकोसाइडला चार्ज नाही. सीएपीबी, म्हणजे ज्याला आपण बीटेन म्हणतो, त्याच्यात दोन्ही चार्ज असतात आणि तो बहुतेकांशी पटवून घेतो.

कायटोसानपासून सुरू करते कारण सगळ्यात जास्त बॅचेस त्याच्यामुळे वाया जाताना बघितल्यात, माझी एक धरून. कोळंबी-खेकड्याच्या कवचातल्या कायटिनपासून हे बनतं. लॅक्टिक ॲसिडच्या पाण्यात एक टक्क्याचं द्रावण केलं, छान, पारदर्शक, किंचित पिवळसर. ते एसएलईएसच्या बेसमध्ये धार धरून ओतलं आणि जिथे धार पडली तिथे लगेच पांढरे दोरे तयार झाले, दूध फाटल्यावर येतात तसे, फक्त हे चिवट, चमच्याला गुंडाळले जाणारे. अर्धा तास ढवळूनही गेले नाहीत. कारण सरळ आहे, आम्लात कायटोसानवर पॉझिटिव्ह चार्ज येतो, एसएलईएस निगेटिव्ह, दोघं एकमेकांना घट्ट धरतात, चार्ज संपतो, आणि ज्या चार्जमुळे ते पाण्यात विरघळलेलं होतं तोच गेल्यावर ते बाहेर पडतं. बरं, चार्ज टाळायला पीएच वाढवावा तर साधारण 6.5 च्या वर कायटोसान स्वतःच विरघळत नाही, म्हणजे इकडे आड तिकडे विहीर. ज्यांना कायटोसान हवंच आहे त्यांनी ते फेसवाल्या शॅम्पूत न टाकता आम्लधर्मी कंडिशनरमध्ये किंवा शेवटच्या रिन्समध्ये वापरावं, तिथे सर्फॅक्टंटही पॉझिटिव्ह असतो त्यामुळे भांडण नाही. कवचापासून आलेलं असेल तर शाकाहारी गिऱ्हाइकाला तसं स्पष्ट सांगा, मशरूमपासून केलेलंही मिळतं.

झँथन बरोबर उलट आहे. जिवाणूंकडून आंबवून बनवलेला गम, चार्ज निगेटिव्ह, त्यामुळे एसएलईएस किंवा स्लरीच्या लिक्विडमध्ये गुठळ्या होत नाहीत. मीठ आणि आम्ल दोन्ही बऱ्यापैकी सहन करतो, ही मोठी गोष्ट आहे कारण एसएलईएस आपण मिठानेही घट्ट करतो आणि बाकीचे बरेच गम मिठात ढेपाळतात. अर्धा ते एक टक्का पुरतो. स्क्रबचे दाणे तरंगत ठेवायचे असतील तर याच्याइतकं सोपं दुसरं काही मी वापरलं नाहीये. तोटा हाताला कळतो, जरा बुळबुळीत आणि तार धरणारं लागतं. आणि सर्फॅक्टंट खूपच जास्त असेल तर मायसेल आणि झँथन एकमेकांना दूर ढकलतात, मग काही दिवसांनी बाटलीत दोन थर दिसू शकतात, म्हणून दाट बेसमध्ये कमीच टाका. आधी ग्लिसरीनमध्ये ओला करा, मग पाण्यात फुगवा, सर्फॅक्टंट शेवटी. उलट क्रमाने केलंत तर सर्फॅक्टंट पाणी धरून बसतो आणि गम नीट फुगत नाही. कंडिशनरमध्ये मात्र झँथन अजिबात नको, बीटीएमएसबरोबर तोच फाटलेल्या दुधाचा प्रकार होतो.

सीएमसी (कार्बोक्सीमिथाइल सेल्युलोज) पावडर जुन्या लोकांची आवडती, भांड्यांच्या लिक्विडला स्वस्तात चालते, चार्ज निगेटिव्ह म्हणून वागणूक झँथनसारखीच पण मीठ वाढलं की पातळ पडते. एक गोंधळ टाळा, मायसेल सुरू होण्याच्या मर्यादेलाही इंग्रजीत सीएमसीच म्हणतात, त्यामुळे काही वाचताना कोणती सीएमसी ते बघा.

आता गवार. गवारीच्या शेंगेतल्या बियांपासूनच हा गम येतो, राजस्थानात याचं मोठं पीक आहे. साध्या गवार गमला चार्ज नाही, त्यामुळे एसएलईएस, बीटीएमएस, ग्लुकोसाइड, कोणाशीच वैर नाही. ज्याला एकच गम ठेवून सगळं बनवायचंय त्याला मी हाच सांगीन. पण द्रावण गढूळ दिसतं, आणि जंतूंना हे चांगलं खाद्य आहे, प्रिझर्व्हेटिव्ह कमी पडला की आठवड्यात पातळ होऊन वास मारतं. बोरॅक्स जवळपास असेल तर सांभाळा, अल्कलीत त्याची थेट जेली होते.

याच गवारीवर पॉझिटिव्ह गट जोडले की कॅटायनिक गवार होतो, आणि खरी गंमत इथे आहे. चार्ज पॉझिटिव्ह म्हणजे एसएलईएसमध्ये फाटायला हवं ना? पण साखळीवर चार्ज विरळ असतात आणि शॅम्पूत सर्फॅक्टंट भरपूर, त्यामुळे प्रत्येक साखळीला इतके मायसेल चिकटतात की सगळं मिळून परत विरघळलेलं राहतं. बाटलीत सगळं एकजीव. डोक्यावर पाणी घेतलं की सर्फॅक्टंट पातळ होतो, तोल बिघडतो, आणि गवार-सर्फॅक्टंटचे पाणीदार थेंब वेगळे होऊन केसांवर बसतात. टू-इन-वन शॅम्पूने धुतल्यावर केस विंचरायला सोपे जातात त्यामागे बऱ्याचदा याचाही हात असतो. 0.1 ते 0.5 टक्के इतकंच टाका, जास्त टाकलं तर दर धुण्याला थर चढत जातो आणि बारीक केस चपटे पडतात. काही ग्रेड नुसत्या पाण्यात फुगत नाहीत, थोडं सायट्रिक ॲसिड टाकून पीएच खाली आणावा लागतो, पाकिटावर बघून घ्या.

रिठा-शिकेकाईवाल्यांसाठी हा विषय सोपा आहे. रिठ्यातला फेस सॅपोनिनचा, त्याला चार्ज नसतो किंवा असला तर हलका निगेटिव्ह. जास्वंदीची पानं चोळल्यावर येणारा बुळबुळीत चीकही निगेटिव्ह बाजूचा. म्हणून आज्या दोन्ही एकत्र कुटून लावायच्या आणि काही फाटायचं नाही. त्यात गवार किंवा झँथन चालतो.

तर माझा सल्ला असा, शॅम्पू असेल तर कॅटायनिक गवार थोडा आणि घट्टपणा मिठाने. स्क्रब किंवा दाणे असलेला हँडवॉश असेल तर झँथन. भांड्यांचं लिक्विड स्वस्तात हवं असेल तर सीएमसी, मीठ हात राखून. कंडिशनरला साधा किंवा कॅटायनिक गवार, आणि हौस असेल तर कायटोसान.

काहीही निवडलंत तरी पूर्ण बादली करायच्या आधी शंभर ग्रॅमची बॅच करा आणि चोवीस तास ठेवून द्या. मग त्यातला एक चमचा काचेच्या ग्लासात वीस चमचे पाण्यात हलकेच मिसळा आणि ग्लास खिडकीसमोर धरा. कॅटायनिक गवार असेल तर दुधट झाक दिसली पाहिजे, ती दिसली म्हणजे केसांवर काहीतरी बसणार आहे. दोरे किंवा गुठळ्या दिसल्या तर पॉलिमर बदला, ढवळण्यात वेळ घालवू नका.