तालुक्याच्या गावात फिजिशियन शोधताना: जागेवरचा, गुरुवारचा, सरकारी की मिरजेचा?

सांगोला, जत, आटपाडी या पट्ट्यात घरातलं कुणी साठीच्या पुढं गेलं आणि शुगर-बीपी मागं लागलं, की एकच चर्चा सुरू होते: दाखवायचं कुणाला? गावातच दवाखाना टाकून बसलेले एमडी असतात. आठवड्यातून एकदा, आमच्याकडं गुरुवारी, शहरातून येणारे व्हिजिटिंग डॉक्टर असतात. सरकारी दवाखाना असतो. आणि ‘कशाला वेळ घालवता, सरळ मिरजेला न्या’ म्हणणारे पाहुणे तर असतातच. आईच्या निमित्तानं आमचे हे चारही प्रकार करून झालेत, म्हणून लिहितोय.

आधी पाटी नीट वाचा. एमबीबीएसनंतर तीन वर्षं मेडिसिन शिकलेला तो एमडी मेडिसिन; डीएनबी मेडिसिन ही त्याच तोडीची पदवी. पण ‘एमडी’ आयुर्वेदातही असते, आणि त्यातला कायचिकित्सा हा विषय साधारण याच आजारांचा. त्यामुळं पाटी खोटी नसते, आपणच कंसातलं वाचत नाही. इन्सुलिन, किडनी, हृदय असा गुंता असेल तर कंसात ‘मेडिसिन’ आहे का ते बघावं. ‘जनरल फिजिशियन’ एवढंच लिहिलं असेल तर पदवी विचारावी, त्यात लाजण्यासारखं काही नाही. चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक असतो. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडं तो पडताळता येतो.

दुसरा घोळ डीएमचा. डीएम म्हणजे एमडीच्या पुढचं, एकाच शाखेचं शिक्षण. हृदयवाला हृदय बघणार, किडनीवाला किडनी. ज्या म्हाताऱ्या माणसाला दोन्हीचा त्रास आहे आणि वर थायरॉईड, त्याला हे सगळं एकत्र बघणारा माणूस लागतो. तो फिजिशियन.

आता खरी निवड असते ती जागेवरचा आणि गुरुवारचा यांत. आम्ही आधी गुरुवारच्याकडं गेलो. डॉक्टर हुशार, मोठ्या हॉस्पिटलचा अनुभव, टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, वाचण्यात हातखंडा. अकराची वेळ म्हणजे एक वाजता गाडी यायची. तोवर बाकावर पन्नास-साठ माणसं आणि कंपाउंडरची ‘साहेब टोलनाक्यावर आलेत’ ही ठरलेली बातमी. आईच्या वाट्याला चार-पाच मिनिटं. तेवढ्यात त्यांनी बीपीची नवी गोळी लिहिली. ती मिळायची खालच्याच मेडिकलमध्ये. जुनी गोळी नेहमीच्या डॉक्टरांची. ती बंद करायची का, हे आम्ही विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

तीन आठवड्यांनी, एका शनिवारी, आई चहात मीठ घालायला लागली. मग दारातच बसली, पायात बळच नाही. गुरुवारच्यांचा फोन लागला नाही. शनिवारी ते आणखी दुसऱ्याच तालुक्यात असणार. रिक्षात घातली आणि तालुक्यातल्याच एमडींकडं नेली. त्यांनी पहिला प्रश्न विचारला: “औषधांची पिशवी आणलीय का?” धाकट्यानं गाडी काढून घरून आणली. डॉक्टरांनी पिशवी टेबलावर पालथी केली, चष्मा कपाळावर सरकवला आणि एकेक पट्टी उलटी करून बारीक अक्षरं वाचत दोन ढीग केले. दोन वेगळ्या नावांच्या गोळ्या बाजूला काढून म्हणाले, “ही दोन्ही एकच आहेत. लघवीवाटे पाणी काढायचं औषध दुप्पट चाललंय.” रक्तातलं सोडियम १२१ निघालं, ते १३५ च्या वर हवं. तीन दिवस ॲडमिट, आणि आई पुन्हा भांडायला लागली.

यात गुरुवारचे डॉक्टर वाईट होते असं मी म्हणणार नाही. त्यांच्यासमोर पिशवी गेलीच नव्हती. पण आठवड्यात एकदा येणाऱ्या माणसाकडं गोळी चालू करण्याची सोय असते, तिचं काय झालं ते बघण्याची नसते. फक्त निदान पक्कं करायचं असेल, दुसरं मत हवं असेल किंवा आजार वर्षभर जागचा हलला नसेल, तर गुरुवारचा चालतो. औषधं बदलायची असतील तर चौथ्या दिवशी जो भेटेल त्याच्याकडं जावं.

जागेवरच्यातही सगळे सारखे नाहीत. मी एकच गोष्ट बघतो: म्हातारं माणूस चक्कर येते म्हणालं तर डॉक्टर त्याला उभं करून पुन्हा बीपी घेतो का. बसून ठीक, उभं राहिल्यावर खाली, असं वयस्करांत होतं, आणि ते पकडायला ना मशीन लागतं ना मिरज. त्याउलट, व्हिटॅमिन घातलेलं पिवळं सलाईन लावल्याशिवाय घरी न सोडणाऱ्यांपासून लांबच राहावं. लोकांना ते आवडतं हीच त्यातली अडचण.

लहान गावातला म्हणजे कमी डॉक्टर, ही समजूतही जायला हवी. विंचूदंशावर प्राझोसिन वापरून कोकणातले कितीतरी जीव वाचवणारे डॉ. हिंमतराव बावस्कर हे एमडी मेडिसिनच, आणि त्यांनी ते काम महाडला बसून केलं. २०२२ ला त्यांना पद्मश्री मिळाली.

सरकारीचं गणित वेगळं. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून तपासणीपर्यंत पैसे लागत नाहीत, बीपी-शुगरच्या नेहमीच्या गोळ्याही तिथं मिळतात. फक्त आधी चौकशी करा: फिजिशियनची जागा भरलेली आहे की रिकामी, आणि भरलेली असली तर ते कोणत्या वारी बसतात. आमच्या शेजारचे अण्णा वर्षातून दोनदा खासगीत दाखवतात आणि महिन्याच्या गोळ्या सरकारीतून आणतात. पेन्शन बेताची असेल तर याहून बरी तोड मला दिसत नाही. पट्टीचं नाव दर खेपेला बदलतं, तेव्हा आतलं औषध तेच आहे ना हे तिथल्या फार्मासिस्टकडून वाचून घ्यावं.

मिरजेचं माहात्म्य मोठं. मिशनरी डॉक्टर वॉनलेस यांनी तिथं १८९४ ला हॉस्पिटल काढलं तेव्हापासून लोक तिकडं जातायत. अँजिओग्राफी, पक्षाघात, किडनीचं अवघड दुखणं यांना तिथंच न्यावं. महात्मा फुले या सरकारी आरोग्य योजनेचं ५ लाखांचं संरक्षण ॲडमिट होऊन घेतलेल्या, यादीतल्या उपचारांना असतं. दर महिन्याची तपासणी आणि गोळ्या खिशातूनच. आणि महिन्याच्या तपासणीला तिथं जाणं म्हणजे दिवस मोडणं. उपाशीपोटी रक्त द्यायचं म्हणून आईनं एकदा पहाटेची एसटी धरली, पण शुगरची गोळी सवयीनं घेतली. वाटेत घामाघूम. शेजारच्या बाईंनी लेकरासाठी आणलेला पेढा दिला, म्हणून निभावलं.

छातीत दुखतंय, तोंड वाकडं झालंय, अशा वेळी यातलं काहीच निवडत बसू नये. १०८ लावावा आणि छातीत दुखत असेल तर ईसीजी, तोंड वाकडं असेल तर सीटी स्कॅन जिथं सगळ्यात जवळ होईल तिथं जावं. मिरज नंतर.

आता आमचं बसलेलं आहे: पिशवीवाले डॉक्टर मुख्य, फाईल एकच, वर्षातून एकदा मिरज. मिरजेत जे लिहून देतात ते पिशवीवाल्यांना दाखवल्याशिवाय चालू करत नाही. थोरली वहिनी मात्र थायरॉईडला अजून गुरुवारच्यांकडंच जाते. एक गोळी, सहा महिन्यांनी एक तपासणी. तिचं उत्तम चाललंय. फक्त जाताना विणकाम घेऊन जाते.