मुंबई पोलिसांचे एक्स खाते : कोपरखळीमागे चलनही

सरकारी खात्यांच्या समाजमाध्यमांवर बहुधा दोनच गोष्टी आढळतात, साहेबांच्या दौऱ्याची छायाचित्रे आणि जयंती-पुण्यतिथीची अभिवादने. डिसेंबर २०१५ मध्ये तेव्हाच्या ट्विटरवर सुरू झालेल्या मुंबई पोलिसांच्या खात्याने ही चाकोरी मोडली. खाकी वर्दीला विनोद शोभतो का, ही शंका रास्त असली, तरी या खात्यापुरते तिचे उत्तर मी होकारार्थी देईन.

नोव्हेंबर २०१७ मधला प्रसंग पाहावा. अभिनेता वरुण धवन गाडीच्या खिडकीतून बाहेर झुकून शेजारच्या रिक्षातील चाहतीसोबत सेल्फी काढत असल्याचे छायाचित्र प्रसिद्ध झाले, तेव्हा असली साहसे रुपेरी पडद्यावर चालतात, मुंबईच्या रस्त्यांवर नाहीत, असा टोला या खात्याने हाणला आणि त्याच दमात ई-चलन घरी निघाले असून पुढच्या वेळी अधिक कडक वागू, असेही बजावले. अभिनेत्याने जाहीर माफी मागितली. नुसता टोला टाळ्यांपुरता राहिला असता. त्याला वजन आले ते चलनामुळे. जानेवारी २०२० मध्ये याच खात्याने टाकलेल्या हॉर्नविषयीच्या चित्रफितीचेही तसेच. चौकात हॉर्नचा आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल सिग्नलची उलटी गणती पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, हा खट्याळपणा निव्वळ कल्पनेतला नव्हता. मोजक्या चौकांत तशी यंत्रणा खरोखर बसवून पाहिली होती.

या खात्याची खरी जाण मला दिसते ती तक्रारींच्या उत्तरांत. ठिकाण देऊन कोणी गाऱ्हाणे मांडले, तर सहसा संबंधित पोलीस ठाण्याला किंवा वाहतूक शाखेला कळवल्याची साधी ओळ येते, नाहीतर थेट संदेशातून संपर्क क्रमांक मागितला जातो. ज्याची पाकीटमारी झाली आहे, त्याच्यापुढे कोट्या करायच्या नसतात. (तक्रारींनाही हसरी उत्तरे देणाऱ्या खासगी बँकांनी हे जरूर अभ्यासावे.)

अशीच जाण नागपूर पोलिसांनी सप्टेंबर २०१९ मध्ये दाखवली. चांद्रयान-२ च्या विक्रम लँडरशी संपर्क तुटून देश हळहळत असताना, ‘कृपया प्रतिसाद दे, सिग्नल तोडल्याबद्दल आम्ही चलन फाडणार नाही’ अशा आशयाचा संदेश त्यांनी लिहिला. त्यात शास्त्रज्ञांची टिंगल नव्हती, उलट आपल्याच दंडवसुलीवर हळूच चिमटा होता.

उणीव आहे ती भाषेची. मुंबई पोलिसांच्या खात्यावरचा मिश्कीलपणा बहुतांशी इंग्रजीत किंवा हिंदी चित्रपटांच्या संवादांवर बेतलेला असतो आणि मराठीच्या वाट्याला मुख्यतः आदेश, आवाहने व शुभेच्छा येतात. ज्या शहराने तिरकस बोलणे गिरणगावापासून गिरगावापर्यंत जोपासले, तिथल्या पोलिसांना मराठीत खोचक लिहिणारा माणूस मिळू नये, हे पटत नाही. शिवाय चित्रपटाचा संदर्भ ठाऊक नसलेल्या वाचकाला मूळ सूचनाच कळत नाही, हा तोटा वेगळाच.

नियमित वाचण्यासाठी खाते अवश्य अनुसरावे. तातडीची मदत हवी असल्यास मात्र उत्तराची वाट न पाहता ११२ हा क्रमांक फिरवावा.