ऑनलाइन ‘फुल अँड फायनल’ कॅल्क्युलेटर: ग्रॅच्युइटीपुरते ठीक, पुढे जपून

नोकरी सुटताना हातात किती पडणार हे सांगणारे हे फुकटातले कॅल्क्युलेटर सहसा दोनच गोष्टी विचारतात: शेवटचा बेसिक-डीए (मूळ पगार आणि महागाई भत्ता) आणि सेवेची वर्षं. ग्रॅच्युइटीचं, म्हणजे सेवेच्या वर्षांनुसार मिळणाऱ्या एकरकमी रकमेचं, १५/२६चं सूत्र (बेसिक-डीए × वर्षं × १५ ÷ २६) बहुतेकांना जमतं. सात वर्षं आठ महिन्यांची आठ वर्षं धरायची, हेही बरे कॅल्क्युलेटर ओळखतात. २६ऐवजी ३०ने भागणारा दिसला तर तिथंच बंद करा, रक्कम १३ टक्क्यांनी घटते.

खरी गोची बेसिकच्या रकान्यात आहे. २१ नोव्हेंबर २०२५पासून कामगार संहिता लागू झाल्या आणि ‘वेतना’ची व्याख्या बदलली. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त असतील तर निम्म्यावरचा भाग वेतनात धरावा लागतो. पगार ६०,००० आणि त्यात बेसिक २४,००० असेल, तर वेतन ३०,०००. आठ वर्षांची ग्रॅच्युइटी १,१०,७६९ नव्हे, १,३८,४६२ रुपये होते. जुना कॅल्क्युलेटर हा जवळपास २८ हजारांचा फरक गिळून टाकतो.

दुसरा दोष: ‘पाच वर्षं पूर्ण नाहीत, शून्य’ असं सरसकट उत्तर. ठरावीक मुदतीच्या करारावरच्या माणसाला आता वर्षभराच्या सेवेवरही ग्रॅच्युइटी मिळते. करार कोणता, हे न विचारणाऱ्याकडून योग्य उत्तर येणार कसं?

कर्मचारी कपातीत नोकरी गेली तर मिळणाऱ्या भरपाईत तर बहुतेक नापासच. वर्षाला १५ दिवसांचं सरासरी वेतन ही भरपाई ग्रॅच्युइटीहून वेगळी असते, दोन्ही मिळू शकतात. मात्र ती कामगारालाच. व्यवस्थापक, किंवा महिना १८,०००हून जास्त वेतनाचा पर्यवेक्षक त्यात येत नाही. राजीनामा दिला किंवा मुदतीचा करार संपला, तरीही नाही. ‘कामाचं स्वरूप’ हा रकाना नसेल तर तो आकडा सोडून द्या. एक महिन्याची नोटीस किंवा तिच्या बदल्यातला पगारही वेगळा मोजायचा असतो. शिवाय कपात झालेल्या कामगाराला पुनर्कौशल्य निधीतून (नवं कौशल्य शिकण्यासाठीच्या निधीतून) १५ दिवसांचं वेतन ४५ दिवसांत खात्यात यायला हवं. ही ओळ क्वचितच दिसते.

मुदती तर कोणी दाखवतच नाही: थकलेलं वेतन दोन कामाच्या दिवसांत, ग्रॅच्युइटी ३० दिवसांत. ‘सर्व येणे मिळाले’ या कागदावर सही करण्याआधी एचआरकडून प्रत्येक रक्कम वेगळ्या ओळीत लिहून घ्या आणि कॅल्क्युलेटरचा आकडा फक्त ग्रॅच्युइटीच्या ओळीशी ताडून पाहा.