काढायला आला आणि घालून गेला

आमची प्राथमिक शिक्षकांची छोटी पतसंस्था आहे. सातारा जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी, एसटी स्टँडच्या मागे दोन खोल्या. चार संगणक, एक लिपिक ताई, एक शिपाई आणि शाळा सांभाळून मानद सचिवाचं काम पाहणारा मी. ७ मार्च २०२५ ला, शुक्रवारी, शाळा सुटल्यावर ऑफिसात येऊन टेकतो तोच फोन वाजला.

"सर, परवाना तपासणी विभागातून बोलतोय. तुमच्या संस्थेच्या चार संगणकांवर अनधिकृत सॉफ्टवेअर चालू असल्याचं आमच्याकडे दिसतंय. नोटीस निघालीय, पण त्याआधी एकदा बोलून घ्यावं म्हटलं."

मराठी स्वच्छ, बोलणं अदबीचं. संस्थेचं नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक त्यानं घडाघडा सांगितला. हे सगळं आमच्या दारावरच्या पाटीवर आणि प्रत्येक पत्राच्या माथ्यावर छापलेलं आहे, हे त्या क्षणी सुचलं नाही. याच्यासमोर आपली फाईलच उघडी आहे, असं वाटलं.

तो म्हणाला ते खरं होतं, आणि मी तिथेच अडकलो. २०१९ मध्ये आम्ही संगणक घेतले ते दुकानदारानं सुटे भाग जोडून दिलेले, विंडोजचं बिल नाही, ऑफिसचं बिल नाही. दुकानदारानं अँटिव्हायरस बंद करून कसलीशी फाईल चालवली आणि पडद्याच्या कोपऱ्यातली 'अॅक्टिव्हेट करा' ही ओळ नाहीशी झाली. "सगळेच असं वापरतात, गुरुजी," तो म्हणाला होता. मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअरसुद्धा असंच कुणाच्या तरी पेनड्राइव्हमधून आलेलं. मला हे माहीत होतं. सहा वर्षं माहीत होतं.

पाच मिनिटांत ईमेल आला. वर मोठा लोगो, खाली कॉपीराइट कायदा १९५७, कलम ६३ ब. मी मोबाईलवर कलम शोधून पाहिलं. बेकायदा प्रत आहे हे माहीत असताना वापरली तर किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. कलम अगदी खरं निघालं, म्हणून मी माणूसही खरा धरला. आज कळतं की असल्या पत्रात कायद्याचा भाग खरा असू शकतो, खोटा असतो तो पाठवणारा. दंड ठरवतं न्यायालय. फोनवर बोलणारा माणूस तो ठरवत नाही, माफ करत नाही, आणि संध्याकाळी सातची मुदत तर मुळीच घालत नाही. ईमेल ज्या पत्त्यावरून आला तो कुणीही फुकट काढू शकतो तसला होता. मोबाईलवर फक्त पाठवणाऱ्याचं नाव दिसतं. त्या नावावर बोट ठेवून पत्ता उघडायला मला दोन सेकंद लागले असते.

त्यानं सुटकेचा मार्गही सांगितला. "आम्ही दुरून जोडून चारही संगणकांवरचं अनधिकृत सॉफ्टवेअर काढून देतो, प्रमाणपत्र देतो, प्रकरण बंद. एका संगणकाचे ७,५०० आणि जीएसटी."

ताईंनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "सर, चेअरमन साहेबांना एक फोन करू या का?" मी नको म्हणालो. मार्चअखेर जवळ आली होती, लेखापरीक्षण तोंडावर होतं, आणि सहा वर्षांपूर्वीची माझी चूक साहेबांपुढे उघडी पडावी असं मला वाटत नव्हतं. पुढे जे झालं त्याचं मूळ या 'नको'मध्ये आहे. हातून काहीच चुकलं नसतं, तर मी दहा जणांना विचारलं असतं.

त्याच्या सांगण्यावरून ताईंनी एनीडेस्क उतरवून घेतलं आणि पडद्यावरचा आकडा त्याला वाचून दाखवला. ते सॉफ्टवेअर खोटं नाही, दुरून दुरुस्ती करणारे रोज वापरतात. पण आकडा देऊन 'स्वीकारा' दाबलं, की समोरचा माणूस आपल्या खुर्चीत बसल्यासारखाच असतो. हेच साधन वापरून खाती रिकामी होत आहेत, अशी सूचना रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना दिली होती. आमचे संगणक आले ते त्याच वर्षी.

त्यानं 'इव्हेंट व्ह्यूअर', म्हणजे विंडोजची स्वतःची नोंदवही, उघडलं. लाल फुल्या आणि पिवळे त्रिकोण यांची यादी संपता संपेना. "बघा, १,२०० चुका." मग काळी खिडकी उघडली आणि तिच्यातून फाईलींची नावं सरसर वर सरकू लागली. शेवटी इंग्रजीत ओळ उमटली, सुरक्षा संपली आहे. माझ्या हाताला घाम फुटला. या फुल्या कोणत्याही चालू संगणकात सापडतात. छपाईयंत्र बंद असलं किंवा नेट अडखळलं तरी नोंद होते. काळ्या खिडकीतली यादी म्हणजे नुसती फोल्डरांची नावं, आणि ती शेवटची ओळ त्यानं स्वतः टंकलेली. हे मला नंतर आयटीआयमधल्या एका संगणकाच्या सरांनी आमच्याच संगणकावर करून दाखवलं. मी कधी न पाहिलेला कोपरा त्यानं मला दाखवला होता, एवढंच.

मग खरोखरच 'काढणं' सुरू झालं. जुने गेम, मुदत संपलेला अँटिव्हायरस, टायपिंगचं सॉफ्टवेअर एकामागून एक यादीतून गेलं. सॉफ्टवेअरबरोबर फॉन्ट गेले आणि वार्षिक सभेचा अहवाल उघडला तर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची खिचडी. मला वाईट वाटलं, आणि त्याच वेळी विश्वासही बसला, की हा खरंच काढतोय. पैसे मी माझ्या स्वतःच्या खात्यातून यूपीआयनं दिले, कुणाला कळू नये म्हणून. चार संगणकांचे ३०,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी ५,४००, एकूण ३५,४००. पैसे कंपनीच्या नावे गेले नाहीत, एका व्यक्तीच्या नावे गेले. बिलावर पत्ता पुण्याचा, पण जीएसटी क्रमांकाची सुरुवात ०९ नं. महाराष्ट्राचा क्रमांक २७ नं सुरू होतो, ०९ उत्तर प्रदेशाचा. जीएसटीच्या संकेतस्थळावर कुठलाही क्रमांक घालून तो कुणाचा आहे हे फुकट पाहता येतं. सभासदांच्या कर्जाच्या कागदपत्रांवरचा एकेक आकडा तपासणारा मी, हे बिल न तपासता फाईलला लावलं. सोबत 'अनधिकृत सॉफ्टवेअरमुक्त संस्था' असं प्रमाणपत्र.

पंधरा दिवस शांततेत गेले.

२२ मार्च, चौथा शनिवार. बँका बंद, आमचं ऑफिस चालू. मी शाळेत होतो. ताई उठून पाणी प्यायला गेल्या आणि परत येतात तो पडद्यावर बाण आपोआप हलतोय. बँकेचं पान उघडलेलं, रकमेच्या चौकटीत आकडे उमटताहेत. ताईंनी मला फोन करण्यात वेळ घालवला नाही. भिंतीवरच्या राउटरची वायर ओढून काढली आणि मग फोन केला. तिसरी रक्कम जाता जाता राहिली. पहिल्या दोन गेल्या होत्या, ९८,००० आणि ८७,०००.

ओटीपी त्याला कसा मिळाला, हे सगळे विचारतात. आम्हीच सोय करून ठेवली होती. चेअरमन साहेबांचा आणि माझा, दोन्ही पासवर्ड ताईंच्या ब्राउझरमध्ये साठवलेले. दोघांचेही ओटीपी ऑफिसच्या एकाच मोबाईलवर. आणि त्या मोबाईलचे संदेश सभासदांना निरोप धाडायला सोपं पडावं म्हणून त्याच संगणकावर जोडलेले. दोन माणसांची मंजुरी लागावी म्हणून बँकेनं दोन कुलपं दिली, आम्ही दोन्हींच्या किल्ल्या एकाच खिळ्याला टांगल्या.

सायबर फसवणुकीची तक्रार घेणाऱ्या १९३० या सरकारी क्रमांकाला फोन लागला. खाते क्रमांक, व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम एवढं हाताशी असेल तर तक्रार लवकर होते. मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर रीतसर नोंद आणि सोमवारी बँकेत लेखी अर्ज. लगेच फोन केल्यामुळे दुसऱ्या व्यवहाराचे ८७,००० पुढच्या खात्यात गोठवले गेले. पहिले ९८,००० तोवर तिथून निघून गेले होते. बँकेनं सांगितलं, पासवर्ड बरोबर, ओटीपी बरोबर, म्हणजे निष्काळजीपणा तुमचा. रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम मी वाचला. आपल्या हलगर्जीनं पैसे गेले तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतर गेले तर बँकेचं. म्हणजे प्रत्येक मिनिटाला किंमत आहे. लाजेपोटी रात्रभर विचार करत बसू नका.

माझ्या मनात पहिला विचार आला तो सगळे संगणक पुसून टाकण्याचा. आयटीआयच्या सरांनी हात धरला. "पुसलंत तर पोलिसांना काय दाखवणार?" ताईंच्या संगणकाची हार्ड डिस्क त्यांनी काढली, पाकिटात घालून पाकिटावर तारीख आणि आमच्या सह्या घेतल्या. बाकीच्या तीन संगणकांवर त्यांनी मला शेजारी बसवून जे दाखवलं ते पाहून पोटात गोळा आला. एनीडेस्क त्या फोनवाल्यानं आमच्यादेखत काढलं होतं. पण त्याआधी दुसरं एक दुरून चालवायचं सॉफ्टवेअर आत सोडलं होतं. त्याला नाव 'सिस्टिम अपडेट' असं काहीतरी साळसूद. प्रोग्रामांच्या नेहमीच्या यादीत ते नव्हतंच, 'सर्व्हिसेस'मध्ये, म्हणजे पडद्यामागे चालणाऱ्या कामांच्या यादीत होतं. 'टास्क शेड्युलर'मध्ये हुकूम होता, संगणक चालू झाला की हे चालू करा. वापरकर्त्यांत एक नवं नाव, सगळे अधिकार दिलेलं. आणि विंडोजच्या स्वतःच्या सुरक्षेला सांगून ठेवलेलं, की सी ड्राइव्ह तपासू नकोस. ही शेवटची सूट मात्र त्या माणसानं दिलेली नव्हती. ती २०१९ पासूनच होती, चोरटी प्रत चालावी म्हणून दुकानदारानं दिलेली.

सरांचं म्हणणं, असं काही एकदा आत शिरलं की एकेक वेचून काढण्यावर विसंबू नये. एखादं राहतंच. त्यांनी फक्त आमचा डेटा बाजूला घेतला, तोही तपासून, आणि तिन्ही डिस्क कोऱ्या करून नव्यानं उभारणी केली. ताईंच्या संगणकात नवी डिस्क घातली. पासवर्ड आम्ही या कामाशी संबंध नसलेल्या मोबाईलवरून बदलले. आता विंडोज बिलासह घेतलेलं आहे. पत्रव्यवहाराला लिब्रे ऑफिस, ते मुळातच मोफत, बिनधास्त वापरावं. मराठीसाठी विंडोजमधलाच युनिकोड कीबोर्ड. ताईंच्या बोटांना टाइपरायटरची सवय, पहिले दोन महिने त्यांना फार त्रास झाला. चोरट्या प्रतींपासून सुटका हवी होती ती अशी, आपल्या माणसाला शेजारी बसवून दोन रविवारांत होणारी होती. मी ती सहा वर्षं पुढे ढकलली.

संचालक मंडळाच्या सभेत मी सगळं सांगितलं. एक निवृत्त बाई उठल्या. त्यांची ग्रॅच्युइटी आमच्याकडे ठेव म्हणून आहे. त्या एवढंच म्हणाल्या, "गुरुजी, त्या शुक्रवारी आम्हाला का नाही सांगितलंत?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. ९८,००० मी हप्त्यानं भरतो आहे, मंडळानं नको म्हटलं तरी. ८७,००० न्यायालयाच्या आदेशानंतर परत मिळतील असं सांगितलंय, अजून मिळालेले नाहीत.

एप्रिलमध्ये पुन्हा फोन आला. या खेपेला 'तुमचे गेलेले पैसे परत मिळवून देतो, फक्त प्रक्रिया शुल्क भरा.' एकदा फसलेल्यांच्या याद्या पुढे विकल्या जातात, असं सायबर शाखेतले कर्मचारी म्हणाले होते. फोन ताईंनी घेतला. त्यांनी शांतपणे आवक-जावक रजिस्टर ओढलं, नंबर, तारीख, वेळ लिहिली आणि म्हणाल्या, "तुमचा पत्ता सांगा, संस्थेचं पत्र पाठवते." पलीकडून फोन ठेवला गेला. ताईंनी संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर, संशयास्पद फोन कळवायच्या 'चक्षू' सुविधेत, तो नंबर नोंदवला आणि मग चेअरमन साहेबांना फोन लावला.